हालिमे एजेची पहिली वाटी

काराकोलच्या बाजारात हालिमे एजेची एक गोष्ट सांगतात. सांगणारे बहुतेक जण तिथं नव्हतेच. मी होते. आणि तिला एजे, म्हणजे ताई म्हणत असले तरी मी काही तिची सख्खी लागत नाही, त्यामुळे तिची बाजू सावरून धरायची मला गरज नाही. बावीस वर्षं आमच्या दोघींच्या टेबलांत हातभर अंतर आहे, एवढंच काय ते नातं. आता ओगराळं दुसऱ्या हातात गेलंय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

ती आशल्यान-फू विकते, मी बटाट्याच्या पिरोश्क्या तळते. तिची वाटी माझ्या पिरोश्कीशिवाय कुणी खात नाही आणि माझी पिरोश्की नुसती खायला कुणी येत नाही. आमच्या गल्लीत आठ बायका हेच एक विकतात, सगळ्या दुंगान, म्हणजे पूर्वी चीनकडून आलेल्या मुसलमानांतल्या. मी किरगिझ, म्हणून मला कढई दिली आणि कडेला बसवलं. आठही वाट्यांत माल तोच. तळाला मूठभर शेवया, त्यावर खरवसासारख्या थरथरणाऱ्या, गव्हाच्या सत्वाच्या वड्यांच्या लांब पट्ट्या, वरून थंडगार आंबट रस, त्यात अंड्याचे धागे, आणि सगळ्यात शेवटी लसूण घातलेला लाल ठेचा. तरी एकीचं गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल तर शपथ! गाडीवाले, कॉलेजची पोरं, आदल्या दिवशी लग्नात झेपेल त्यापेक्षा जास्त घेऊन आलेले पुरुष, सगळ्यांचं बाकडं ठरलेलं. सकाळी नऊला सुरू करायचं, दोनपर्यंत पातेली घासायला काढायची. दुपारी तीन वाजता येऊन "संपलं कसं?" म्हणून विचारणारे फक्त परगावचे.

हालिमे हडकुळी, बोलायला कंजूष. डोक्याचा पांढरा रुमाल बावीस वर्षांत मी कधी चुरगळलेला पाहिला नाही. माझा विचारूच नका. ती खोटं बोलत नाही, ही तिची गल्लीभर ख्याती, आणि खरं सांगायचं तर त्या ख्यातीचा आम्हा सगळ्यांना ताप. एखादीनं नवीन कोट घेतला आणि "कसा दिसतो?" म्हणून हालिमेला विचारलं, की तो कोट परत करायची पाळी यायची.

तिची जागा सासूकडून आलेली. सासू मरायला टेकली तेव्हा तिनं नातेवाइकांना घरी बोलावलं आणि सगळ्यांदेखत ओगराळं सुनेच्या हातात दिलं. म्हणाली, "हिची जीभ शाबूत आहे तोवर ओगराळं हिचं. पुढे माझ्या लेकीनं काय ते बघावं." ती लेक म्हणजे साकिने, हालिमेची नणंद. साकिनेनं बाकीचं आयुष्य सोयीचं तेवढंच ऐकलं असेल, पण हे वाक्य तिनं नीट ऐकून ठेवलं. दर शुक्रवारी यायची, बाकड्यावर बसून एक वाटी खायची आणि रुमालानं तोंड पुसत म्हणायची, "आहे वहिनी, आहे अजून." जणू ती विहिरीतलं पाणी मोजायला येते. तिची स्वतःची लेक घरात बसून होती आणि तिला बाजारात जागा हवी होती. साकिने वाईट बाई नाही. ती फक्त वाट बघत होती.

दोन हिवाळ्यांपूर्वी हालिमेला ताप आला. पंधरा दिवस अंथरुणावर होती. उठली आणि सतराव्या दिवशी पातेलं घेऊन हजर. त्या सकाळी तालाय बाइके, म्हणजे आमचा तालायदादा, आला. हा बसवाला, तीस वर्षं सरोवराच्या रस्त्यावर गाडी चालवतोय. त्यानं पहिला चमचा तोंडात घातला आणि चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, वाटी तशीच सरकवली आणि गाडीचा हॉर्न कुणी वाजवतंय असं काहीतरी पुटपुटत निघून गेला.

मी उरलेलं चाखलं. मीठ नाही. कमी नाही हो, नाहीच!

"एजे," मी म्हटलं, "मीठ विसरलात."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग चमचाभर लाल ठेचा, नुसता, तिनं तोंडात घातला. आपल्या डोळ्यांतून पाणी काढील असा ठेचा. तिनं तो शेवया चावाव्यात तसा चावला आणि गिळला.

"काही नाही," ती म्हणाली. "बुरुल, मला काही लागत नाही. वासही नाही. मला वाटलं तापामुळे असेल, दोन दिवसांत येईल."

"येईल की," मी म्हटलं. मला काय माहीत! पण काहीतरी म्हणायला हवं होतं.

चव परत आली नाही. डॉक्टरीण म्हणाली, येईलही, न येईलही. हे सांगायला कशाला सहा वर्षं शिकायचं, मला कळत नाही.

मग आम्ही एक रीत पाडली. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी हालिमे पहिली वाटी भरून, ताटात ठेवून माझ्याकडे सरकवायची, जसं शेजारणीला न्याहारीला द्यावं. मी खायची आणि ताट परत पाठवायची. ताटात एक पिरोश्की असली की मीठ कमी. दोन असल्या की आंबट कमी. तीन असल्या की दोन्ही जास्त झालंय, पाणी घाल. ताट रिकामं असलं की सगळं ठीक. बोलायचं काही नाही, कारण पलीकडच्या टेबलावरच्या बायांचे कान म्हणजे! दोन वर्षं हे चाललं. बाकी सगळं ती हातानं आणि डोळ्यानं करायची. वडी नखानं दाबून सांगायची की आज सत्व पातळ आहे, शेवया ताणतानाच्या आवाजावरून सांगायची की पीठ भिजलं नाही. साकिने शुक्रवारी यायची, खायची आणि म्हणायची, "आहे वहिनी, आहे अजून."

मला त्या पहिल्या वाटीची सवय लागली, हे मी कबूल करते. मी खादाड बाई आहे, हे काही कुणापासून लपलेलं नाही. पण ती गोष्ट वेगळी होती. मला जन्मात कुणी कशाबद्दल विचारलं नव्हतं, की बुरुल, हे बरोबर आहे का गं? ती रोज विचारायची.

गेल्या शरदात हालिमेच्या मुलाचं, इस्हारचं लग्न ठरलं. मुलगी साकिनेनं आणली. तोकमोक गावची, साकिनेच्या दिराची लेक, नाव राबिये. मी हालिमेला म्हटलं, "एजे, तुमच्या घरात तिनं आपला डोळा बसवला." हालिमे म्हणाली, "मुलगी चांगली आहे. डोळे तिचे स्वतःचे आहेत." झालं. वर काही बोलायची सोय ठेवली नाही.

आता दुंगानांत एक चाल आहे. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी नव्या नवरीनं सगळ्या बायांसमोर पीठ मळायचं, शेवया ताणायच्या, शिजवायच्या आणि पहिली वाटी दोन्ही हातांनी सासूला द्यायची. आपण आधी चाखायचं नाही. सासूनं घास घ्यायचा आणि सांगायचं. सासू "चांगल्या" म्हणाली की पाहुण्यांनी वाट्या शेवटच्या थेंबापर्यंत रिकाम्या करायच्या. नाही म्हणाली तर मुलीला कुणी परत पाठवत नाही, पण म्हातारी होईपर्यंत तिला ऐकावं लागतं. हालिमे स्वतः नवरी होती तेव्हा तिच्या शेवया त्या दिवशी तीनदा तुटल्या होत्या. सासूनं तिला पाहुण्यांसमोर तीनदा पीठ मळायला लावलं. ती हे कधी सांगत नाही. साकिने सांगते.

लग्नाच्या आधी आठवडाभर हालिमे बोलेनाशी झाली. शेवटी एका सकाळी वाटी सरकवताना म्हणाली, "मी त्या पोरीच्या शेवयांना काय म्हणू?"

"चांगल्या म्हणा आणि मोकळ्या व्हा! सगळ्या सासवा म्हणतात."

"मी म्हणणार नाही. चव कळल्याशिवाय मी कशी म्हणू?"

घ्या! इथं जीव टांगणीला लागलेला आणि हिला खरेपणाची पडलेली. मी म्हटलं, "मग वाईट आहेत म्हणा."

"तेही कसं म्हणू?"

मग तिनंच उपाय काढला. मी तिच्या शेजारी बसायचं. वाटी आली की तिनं आग्रहाचा म्हणून पहिला घास मला भरवायचा, पाहुणीचा मान म्हणून. मी चाखून ताटात पिरोश्क्या ठेवायच्या, हव्या तेवढ्या. बाजारातली रीत घरात. मी हो म्हटलं. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मी ताज्या पिरोश्क्यांची मोठी पाटी घेऊन गेले.

साकिने दारातच उभी होती. "बुरुल, तू तिकडे बस, खिडकीपाशी. इथं घरच्या बायका बसतील." वर गोड हसली. लग्नघरात भांडायचं कसं? मी खिडकीपाशी गेले. हालिमे लांबच लांब गालिच्याच्या त्या टोकाला, मी या टोकाला, मध्ये चोवीस बायका आणि सुक्या मेव्याची, गोड तळणाची ताटं. हालिमेनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. आणखी काय करणार?

राबियेनं पीठ मळायला घेतलं. काय सांगू, हात असे की बघत राहावं! पिठाचा दोर ओढला, दुमडला, ओढला, दुमडला, चौथ्या वेळेला तर तो सुतासारखा झाला आणि एक धागा तुटला नाही. रंग पिवळाधमक, चकचकीत. हालिमे पुढे वाकून बघत होती आणि तिच्या तोंडावर जो आनंद होता तो मी कधी बघितला नव्हता. तिच्या तुटलेल्या तीन वेळा तिला आठवत असणार. बाया "वा, वा" करत होत्या. साकिने तर अशी बसली होती की ते हात तिनंच घडवलेत.

पण त्या पिवळ्या रंगातच सगळं होतं. दुंगान बायका पिठात राखेचं पाणी घालतात. माळरानावरचं एक झुडूप जाळतात, त्याची राख उकळून गाळून बरणीत ठेवतात. त्यानं पीठ ताणलं जातं. तोकमोकला ते पातळ ठेवतात आणि वाटीभर घालतात. हालिमे ते आटवून आटवून इतकं घट्ट करते की तिला चमचाभर पुरतं. बरणी एकसारखीच, पाणीही तसंच पिवळट. त्या पोरीला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलंही नव्हतं, कारण राखेच्या पाण्याबद्दल विचारणं म्हणजे चूल कशी पेटवायची ते विचारणं. तिनं आपल्या आईच्या मापानं वाटीभर ओतलं होतं. हे आम्हांला सगळं नंतर कळलं.

पहिली वाटी आली. राबियेनं ती दोन्ही हातांनी पुढे केली. हालिमेनं घास घेतला. चावला.

मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या ताटाकडे.

आता माझं ऐका. मी सकाळपासून उपाशी. समोर गोड तळण ठेवलेलं. माझं ताट मी केव्हाच साफ केलं होतं. चोवीस बायांपुढं भरलेली ताटं आणि माझ्यापुढं रिकामं! तिनं ते रिकामं ताट बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. दोन वर्षांची सवय. तिला त्या क्षणी हे सुचलंच नाही की मला अजून वाटीच मिळालेली नाही. मी हात वर करणार, तोवर ती बोलून गेली होती.

"चांगल्या आहेत," हालिमे म्हणाली, मोठ्यानं, शेवटच्या बाईला ऐकू जाईल अशी. "माझ्यासारख्याच आहेत." आणि तिनं वाटी तोंडाला लावून सगळा रस्सा संपवला.

राबिये रडायला लागली. सगळ्यांना वाट्या वाढल्या गेल्या. मी घास घेतला.

साबण, दुसरं काही नाही. लहानपणी आईनं शिवी दिली म्हणून माझ्या तोंडात कपड्याचा साबण घातला होता, अगदी तीच चव. जीभ चरचरली. मी डोळे वर केले तर चोवीस बाया तोंडात घास धरून बसलेल्या, आणि एकीनंही गिळलेला नाही. राबियेच्या लक्षात आलं. तिनं पाहुण्यांकडे बघितलं, मग हालिमेच्या रिकाम्या वाटीकडे, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. हालिमेच्या मात्र काही लक्षात येईना. ती आपली एकेकीकडे बघत होती, की सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी का धरलीय.

साकिनेनं शेवया खायच्या काड्या खाली ठेवल्या. तिचा चेहरा मला दिसत होता. ती आधी गोंधळली, मग हळूहळू काहीतरी जुळवायला लागली. "वहिनी," ती म्हणाली, अगदी हळू, "खरंच चांगल्या आहेत?"

बस. आणखी एक प्रश्न आणि सगळं उघडं पडलं असतं. ओगराळं, जागा, दोन वर्षं, सगळं. आणि कशामुळे, तर मी गोड तळण खाल्लं म्हणून!

मी माझी वाटी उचलली, तोंडाला लावली आणि संपवली. मग वाटी पुढे केली. "राबिये," मी म्हटलं, "मला आणखी एक दे गं. भरून दे."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी दुसरी वाटीही खाल्ली. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर संपलंच होतं. माझ्या शेजारच्या म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, हालिमेकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनंही वाटी उचलली. मग तिच्या पलीकडचीनं. शेवटी सगळ्यांनी. साकिनेनंही, कारण सासूनं चांगल्या म्हटलं होतं आणि परकी किरगिझ बाईसुद्धा दोन वाट्या खाऊन बसली होती. चोवीस बायांनी त्या दिवशी मुकाट्यानं साबण गिळला आणि मग एकेक करून अंगणातल्या नळावर चुळा भरायला गेल्या.

नळावरच ती गोष्ट तयार झाली. "सुनेची अब्रू राखायला हालिमेनं राख गिळली." "आणि हसत!" "जन्मात खोटं न बोललेली बाई, पण सुनेसाठी बोलली." साकिने तोंड धूत म्हणाली, "माझी वहिनी आहे ती," आणि खरंच मनापासून म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं. गिऱ्हाईकांची रांग लागली. तालाय बाइके सहा प्रवासी घेऊन आला आणि तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हीच ती."

हालिमेला काही कळेना. मला म्हणाली, "बुरुल, हे काय चाललंय?"

मी सांगितलं. सांगायलाच हवं होतं. पीठ, वाटीभर पाणी, चोवीस बाया. ती ऐकत होती आणि तिचा रंग उतरत होता.

"मग तुझं ताट रिकामं का होतं?"

"कारण मी खाल्लं होतं, एजे. तळण. सगळं."

तिनं ओगराळं पातेल्यात टाकलं. रस उडून माझ्या रुमालावर आला. "ती पोरगी काल रात्रीपासून माझे हात धरून रडतेय," ती म्हणाली. "म्हणते, आई, तुम्ही माझ्यासाठी केलंत. मी काही केलं नाही! मी तिच्यासाठी एक तीळभर काही केलं नाही आणि ती माझे पाय चेपतेय."

"मग चेपू दे की! फुकटचं मिळतंय तर घ्या."

हे मी बोलायला नको होतं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पहिली वाटी आली नाही. मी कढईपाशी बसून गिऱ्हाईकांची तोंडं बघत होते आणि तोंडांवरून कळत होतं की मीठ हललंय. एका दिवशी जास्त, एका दिवशी नाहीच. कुणी बोलत नव्हतं, कारण राख गिळणाऱ्या बाईला कोण बोलणार? पण ते किती दिवस टिकतं? मी एकदा अंदाजानं दोन पिरोश्क्या ताटात घालून पाठवल्या. तिनं त्या गिऱ्हाइकाला देऊन टाकल्या. मला राग आला आणि वाईटही वाटलं. राग जास्त आला, असं मी तेव्हा समजत होते.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, हालिमे राबियेला घेऊन आली. पोरीनं नवा रुमाल बांधला होता, बाह्या वर केल्या होत्या. हालिमेनं पहिली वाटी भरली. मी नकळत हात पुसले. तिनं वाटी राबियेपुढे ठेवली.

"चाख," हालिमे म्हणाली.

"आई, तुमच्या आधी?"

"माझ्या आधी. मला चव लागत नाही. दोन वर्षं झाली, वासही येत नाही. त्या दिवशी मी तुझ्यासाठी काही गिळलं नाही. मला कळलंच नाही काय गिळतेय ते. तू रडलीस ते फुकट रडलीस."

अगदी सरळ, माझ्या हातभर अंतरावर. आणि कुणाला सांगत होती? साकिनेनं आणलेल्या पोरीला! मी कढईत पिरोश्की सोडली ती करपेपर्यंत मला काढायची शुद्ध नव्हती.

राबियेनं घास घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला. मग मिठाच्या भांड्यात हात घातला, दोन चिमटी पातेल्यात टाकल्या, ढवळलं. पुन्हा चाखलं. आंबट थोडं घातलं. मग शेवया मोकळ्या करायला बसली. गिऱ्हाईकं खाऊन जात होती आणि वाट्या चाटूनपुसून परत येत होत्या.

बाराला साकिने आली. बाकड्यावर बसली, वाटी घेतली, खाल्ली. रुमालानं तोंड पुसलं आणि हालिमेकडे बघितलं.

"वहिनी, आठवडाभर लोक कुजबुजतायत. म्हणे रस बिघडलाय. आणि मला तो तिसरा दिवस काही विसरता येत नाही. मी आईच्या शब्दाची बाई आहे. मला खरं सांग, जीभ शाबूत आहे ना?"

हालिमेनं तोंड उघडलं. मला माहीत होतं ती काय सांगणार. तिला दुसरं येतच नाही.

"काकू," राबिये मध्येच म्हणाली, "आज रस मी लावलाय. आठवडाभर मीच लावतेय, शिकतेय ना. बिघडला तो माझ्या हातून. आजचा कसा झालाय?"

साकिनेनं वाटीत बघितलं. वाटी रिकामी होती. "आजचा चांगला आहे," ती म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

"मग झालं तर. आईंनी ओगराळं माझ्याकडे दिलंय. तुमच्याच घरची आहे मी. बसा, दुसरी वाटी देऊ?"

साकिने तिच्याकडे बघत राहिली. लेकीसाठी जपलेली जागा पुतणीकडे गेली होती, आणि ती पुतणी तिनंच आणली होती. ना धड रागावता येईना, ना धड हसता येईना. "नको," ती शेवटी म्हणाली. "पोट भरलं." आणि गेली.

हालिमे खाली बसली. स्टुलावर नाही, उलट्या घातलेल्या बादलीवर. बावीस वर्षांत मी तिला दोनच्या आधी बसलेली बघितली नव्हती. तिनं राबियेला फक्त एवढंच म्हटलं, "खोटं बोललीस."

"हो, आई," राबिये म्हणाली.

मी आपली कढईत डोकं घालून बसले. आता मला कुणी काही विचारणार नव्हतं. घरात जीभ आली होती, शेजारणीची कशाला लागते? हे बरोबरच होतं, आणि मला ते झोंबत होतं, तेही खरं.

पातेली रिकामी व्हायला आली तेव्हा राबिये माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात भरलेली वाटी, खाली ताट.

"एजे, त्यांना चव लागत नव्हती," ती म्हणाली. "तुम्हाला तर लागत होती."

"लागत होती की."

"मग दुसरी वाटी का मागितलीत?"

मी झाऱ्यानं तेल ढवळत राहिले. "भूक लागली होती," मी म्हटलं.

तिनं वाटी माझ्यापुढे ठेवली आणि तिथंच उभी राहिली. पलीकडे बादलीवर बसून हालिमे माझ्याकडे बघत होती.

मी खाल्लं. मीठ बरोबर होतं, आंबटही बरोबर होतं. मी ताट पुसलं आणि रिकामंच परत दिलं.